फोन पालथा ठेवा, वाल सोलायला बसा

पत्र

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, 79 वर्षांचे आहेत. गाव राजापूर तालुक्यात. सोळाव्या वर्षी मुंबईला आले. लालबागला एका गिरणीत आधी बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागले, मग कापडखात्यात साचे, म्हणजे माग, चालवायला. 82च्या गिरणी संपात नोकरी गेली, तेव्हा मी दोन वर्षांची होते. आई दोन वर्षांपूर्वी वारली आणि आप्पा आमच्याकडे भांडुपला राहायला आले. आईला मी कधी काही विचारलंच नाही, ही रुखरुख जात नाही. निदान आप्पांचं तरी राहून जाऊ नये म्हणून एका रविवारी त्यांना समोर बसवलं, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, "आप्पा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा." ते म्हणाले, "आमचं काय असतंय सांगण्यासारखं? गिरणीत होतो, गिरणी गेली." चार मिनिटांत उठले. चुनाभट्टीची आत्या, त्यांची धाकटी बहीण, भरभरून बोलते. पण तिचं आणि आप्पांचं सांगणं एकमेकांशी जुळत नाही. माझी मुलगी 14 वर्षांची आहे, मुलगा 9 वर्षांचा. आजोबा बोलायला लागले की दोघं उठून जातात. मोठा दादा तर चिडतोच. संपाच्या काळात त्याला दीड वर्ष गावी काकांकडे ठेवलं होतं. "जुनं उकरून काय मिळणार?" म्हणतो. नवऱ्याचं म्हणणं, आप्पांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला छान पुस्तक छापू. पण छापायला माझ्याकडे आहे काय?

एक वाचक, भांडुप

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना आप्पांच्या त्या एका वाक्यावर मी बराच वेळ थांबले. "गिरणीत होतो, गिरणी गेली." ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्याचं हे वाक्य नव्हे. तुम्ही विचारलंत ते कुणालाही पेलणारं नव्हतं, एवढंच. उद्या कुणी तुम्हाला खुर्चीवर बसवून "आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं, तर तुम्हीही शाळा, नोकरी, लग्न, मुलं असं चार वाक्यांत आटपून उठाल.

शिवाय समोर बसवून, यंत्र लावून प्रश्न विचारणं हा आप्पांच्या पिढीला जबानीचा प्रकार वाटतो. गिरणी कामगाराला असं समोर बसवून कुणी विचारायचं, ते मुकादमाच्या केबिनमध्ये, रेशनिंग ऑफिसात, भविष्यनिर्वाह निधीच्या खिडकीवर, नाहीतर म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरताना. तिथे कमी बोलायचं, विचारलं तेवढंच सांगायचं, हे ते आयुष्यभर शिकले आहेत. तुमच्याशीही ते तसंच वागले.

म्हणून सांगते, आठवणी "गोळा" करायचं सध्या मनातून काढून टाका. त्यांच्याशी रोज थोडं बोला, आणि ते हाताला काही काम असताना बोला.

वाल सोलण्याचं काम यासाठी फार चांगलं. शुक्रवारी रात्री वाल भिजत घाला, शनिवारी फडक्यात घट्ट बांधून ठेवा, रविवारी सकाळी मोड आले की कोमट पाण्यात टाका आणि परात मध्ये ठेवून आप्पांसोबत जमिनीवर नाहीतर टेबलाशी बसा. अर्धा किलो वाल सोलायला दोघांना पाऊण तास सहज लागतो. साल चिमटीत धरून दाबलं की दाणा सुळकन बाहेर येतो, साल बोटाला चिकटून राहतं, ते परातीच्या कडेला पुसायचं. या कामात नजर परातीत असते. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, गप्प बसलं तरी विचित्र वाटत नाही, आणि बोलायला लागलं तर मध्येच उठता येत नाही. पुरुषमाणसाला मनातलं बोलायला असा आडोसा लागतो. सुरुवातीची दहा मिनिटं काहीच विचारू नका. मग सहज म्हणा, "खानावळीत रविवारी काय असायचं हो, आप्पा?"

बघा काय होतं ते. बांगडे असायचे की मटण, बाई किती चपात्या मोजून द्यायची, महिन्याचे पैसे थकले तर काय करायची, कोण जास्त जेवायचं म्हणून सगळे कुणाला चिडवायचे. एका जेवणातून माणसं यायला लागतात. आयुष्य असं कुणाला आठवत नाही. आठवतात त्या वस्तू, वास, जागा, माणसाच्या लकबी. प्रश्न तेवढाच लहान हवा.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आप्पांनी वीस वर्षं साचे चालवले. कापडखात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, मागातला धोटा इकडून तिकडे आपटत राहायचा आणि शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करायचे किंवा कानाशी तोंड न्यायचं. अशा आवाजात वर्षं काढलेल्यांचा कान कायमचा मंद होतो, आणि आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. म्हणजे बायकांचे आणि लहान मुलांचे. तुमची मुलं भरभर बोलत असतील, घरात टीव्ही चालू असेल, तर आप्पांना निम्मं कळतच नसेल. ऐकू न येणारा माणूस "काय?" विचारून विचारून कंटाळतो आणि मग गप्प राहतो. घरच्यांना वाटतं, यांना रस नाही. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत कानाची तपासणी होते, ती करून घ्या. तोवर टीव्ही बंद, पंखा कमी, ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा आणि सावकाश बोला.

आता विचारायचं काय. साधारण दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी माणसाला म्हातारपणी सगळ्यात जास्त आणि ठळक येतात, हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार आढळलं आहे. पहिला प्रवास, पहिला पगार, लग्न, पहिलं मूल, सगळं त्याच वीस वर्षांत असतं. आप्पांच्या बाबतीत ही वर्षं मांडून बघा. गावात पोरवयात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ कानावर आली असेल. मुंबईतल्या गोळीबाराच्या बातम्या चाकरमान्यांसोबत गावात पोचायच्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले म्हणजे ट्राम त्यांनी नक्की पाहिली, कारण मुंबईतली शेवटची ट्राम 31 मार्च 1964ला धावली. पुढे 65 आणि 71च्या युद्धांतला ब्लॅकआउट आला. काचांना कागद कुणी चिकटवले, रातपाळीला अंधारात कसे जायचे? 1972चा दुष्काळ आला, रेशनवर लाल मिलो ज्वारी आली. तिच्या भाकरीबद्दल त्या पिढीतलं प्रत्येक जण काही ना काही सांगतं. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. चाळीत पहिला टीव्ही कुणाकडे आला आणि त्या घरात किती माणसं मावायची, हे विचारा.

आणि मुंबईला येणं. तुमच्या मुलाला आजोबा कोकण रेल्वेने आले असं वाटत असेल, तर वाटू दे. त्यालाच विचारू दे, "आजोबा, तुम्ही कुठल्या ट्रेनने आलात?" कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली 1998 साली. आप्पा आले तेव्हा जैतापूर किंवा मुसाकाजी बंदरात बोट धरायची, रात्रभर डेकवर वळकटीवर पडायचं आणि सकाळी भाऊच्या धक्क्याला उतरायचं, असा तिकडच्या माणसांचा रिवाज होता. पावसाळ्यात तर बोटसेवा बंदच असायची. म्हातारा माणूस प्रश्नाला उत्तर देईल न देईल, पण नातवाची चूक सुधारायला नक्की तोंड उघडतो. मग पुढचं आपोआप येतं. ट्रंकेत काय होतं, धक्क्यावर घ्यायला कोण आलं, गावाच्या खोलीत झोपायला जागा कुठे मिळाली. लालबाग-परळच्या त्या खोल्यांमध्ये एका गावची वीस-तीस माणसं पाळीपाळीने झोपायची. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. आप्पांची खुंटी कुठली होती, हे त्यांना आजही ठाऊक असणार.

ते सांगतील ते साल चुकलं तर दुरुस्त करू नका. "आप्पा, तेव्हा 65 नव्हतं, 71 होतं," असं एकदा म्हटलंत की ते पुन्हा जबानीच्या पवित्र्यात जातील. साल तुम्ही नंतर मनाशी लावून घेऊ शकता. आत्याचं आणि त्यांचं जुळत नाही, याचा त्रासही करून घेऊ नका. आप्पा मोठे, घरातला मुलगा, मुंबईत कमावणारे. आत्या धाकटी, मागे गावी राहिलेली. मनीऑर्डर पाठवणाऱ्याला ती एक गोष्ट आठवते आणि पोस्टमनची वाट बघणाऱ्यांना वेगळी. दोन्ही सांगणी जशीच्या तशी ठेवा, कोण खरं याचा निवाडा करू नका.

तीच तीच गोष्ट पुन्हा सांगायला लागले, तर मुलांसारखं "सांगितलंय आधी" म्हणू नका. त्याच गोष्टीत दुसऱ्या दाराने शिरा. पहिल्या पगाराची गोष्ट पाचव्यांदा आली, तर विचारा, "त्या दिवशी घरी जाताना रस्त्यात काय घेतलंत?" किंवा, "आई तेव्हा कुठे होती?" हा दुसरा प्रश्न नीट लक्षात ठेवा. आप्पांच्या प्रत्येक गोष्टीत तुमची आई कुठेतरी कडेला उभी आहे आणि ती त्यांनाच माहीत आहे.

आईबद्दल तुम्ही जे लिहिलंय, त्यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे. "मी काहीच विचारलं नाही," म्हणता. पण आईंनी तुम्हाला न विचारताही चाळीसहून जास्त वर्षं काही ना काही सांगितलंच असेल. ओट्याशी उभ्या असताना, केस विंचरताना, "आमच्यात असं नव्हतं" म्हणून रागावताना, मंगळसूत्र मोडून परत कधी केलं ते बोलताना. ते तुमच्याकडे आहे, कुणी अजून लिहून घेतलेलं नाही इतकंच. आज रात्री एक वही घ्या आणि आईंच्या तोंडची वाक्यं लिहा, जशी आठवतील तशी, तिच्याच बोलीत. सुरुवातीला दोन-तीनच आठवतील. मग भाजी चिरताना एक येईल, लोकलमध्ये उभ्या उभ्या एक येईल. ती लगेच फोनमध्ये बोलून ठेवा. आईच्या बाबतीत साक्षीदार तुम्ही आहात. आप्पांच्या मागे लागताना तुम्ही स्वतःला विसरलात.

आणि चाळीतल्या बायकांना भेटा. आईंची भिशी, हळदीकुंकू, नळावरची वेळ ज्यांच्याबरोबर गेली, त्यांतल्या दोघी-तिघी अजून असतील. कुणी तिथेच, कुणी बदलापूर-विरारला. संपाच्या काळात गिरणगावातली घरं पुष्कळशी बायकांनी चालवली. कुणी डबे केले, कुणी पापड लाटले, कुणी घरकाम धरलं. त्याआधीही खानावळी चालवून बायका कामगारांना जेवू घालत होत्याच. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पण घरातली गोष्ट सांगताना पुरुषांची गिरणी आणि पुरुषांचा संप एवढंच पुढे येतं. तुमच्या घरात त्या दीड-दोन वर्षांत चूल कशी पेटत होती, हे आप्पांपेक्षा शेजारणीला जास्त ठाऊक असेल.

आता दादा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं माणूस तोच आहे.

18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हे सगळे जण वाचतात, सांगतात. त्यातल्या कितीजणांनी मुलं गावी नेऊन ठेवली, ती मुलं तिथे कशी राहिली, हे कुणी फारसं सांगत नाही. तुमच्या घरात ते एकट्या दादाला माहीत आहे. तुम्ही दोन वर्षांच्या होतात, आई-आप्पांजवळ होतात. तो सात-आठ वर्षांचा असेल, शाळेतून काढून एस्टीत बसवलेला. बहुधा त्याला कारणही कुणी सांगितलं नसेल. म्हणून तुम्ही "जुन्या आठवणी" म्हटलंत की त्याला ते दीड वर्षच आठवत असणार, आणि त्याला वाटत असणार की आता सगळे मिळून त्याच्यावर छान रंग चढवणार.

त्याला आप्पांसमोर बसवून समेट घडवायच्या फंदात पडू नका. ते काम तुमचं नाही. त्याला एकटं भेटा, चहा घ्या आणि सांगा, "दादा, मला त्यातलं काहीच आठवत नाही. तुला त्या वर्षी काय काय झालं, ते मला कधीतरी सांग. नाही सांगितलंस तरी चालेल." आणि विषय बदला. तो सांगेल तेव्हा आई-आप्पांची बाजू घेऊ नका. "त्यांचा पण नाइलाज होता रे" हे वाक्य तर अजिबात नको. ते त्याला तुमच्याआधीपासून माहीत आहे. काकांकडे तो कुठे झोपायचा, शाळेत काय म्हणून चिडवायचे, आईचं पत्र यायचं का, एवढं विचारा आणि ऐकून घ्या. जे सांगेल ते मुलांना किंवा आप्पांना सांगायचं की नाही, हे त्यालाच विचारा आणि तो म्हणेल तसं वागा. नाही म्हणाला तर ते तुमच्यापाशीच राहील.

आप्पांनाही संपाबद्दल आपणहून विचारू नका. त्यांनी त्या रविवारी सुरुवातच तिथून केली, म्हणजे ते तिथून दूर गेलेले नाहीत. ट्राम, खानावळ, बोट, लग्न या वाटांनी हिंडत राहिलात तर कधीतरी ते स्वतःच तिथे येतील. आले की काम थांबवू नका, वाल सोलत राहा. मध्ये गप्प झाले तर तुम्हीही गप्प राहा. लगेच "जाऊ द्या आप्पा, झालं ते झालं" म्हणू नका. पुष्कळदा खरं बोलणं अशा गप्प बसण्यानंतर येतं, आणि आपण दिलासा द्यायच्या घाईत ते तोडून टाकतो. त्यांना त्रास होतोय असं दिसलं, झोप उडाली, जेवण कमी झालं, तर मात्र तो विषय सोडून द्या.

मुलांचं सांगते. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना विचारायच्या वीस प्रश्नांची एक यादी केली होती. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले, घरावर कोणतं संकट आलं होतं, असे प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं ठाऊक होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त आढळला. पण त्या संशोधकांनीच बजावलं आहे की उत्तरं घोकून घेतल्याने काही साधत नाही. घरात जेवताना, फिरताना, सणावाराला बोलणं चालू असतं, त्याचा हा परिणाम. ड्यूक यांचं आणखी एक म्हणणं मला तुमच्या घरासाठी फार पटतं. "आपण कसे वर आलो" एवढीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांपेक्षा, "चांगले दिवस आले, वाईट आले, आणि आपण एकमेकांना धरून राहिलो" अशी गोष्ट ऐकणारी मुलं जास्त खंबीर असतात. तुमच्या घराची गोष्ट अगदी अशीच आहे. गिरणी जाण्याचा भाग वगळून मुलांना ती सांगू नका.

पण "या, आजोबांच्या गोष्टी ऐका" असं बोलावलंत तर ती येणार नाहीत. आधी तुम्ही सांगा. रिक्षात, बसस्टॉपवर, रात्री दिवे घालवल्यावर, दोन-तीन मिनिटांत. आणि त्यांच्या वयाला धरून सांगा. लेकीला सांगा, "तुझ्याहून दोन वर्षांनी मोठे होते आजोबा, एकटे बोटीत बसले." मग ती उरलेलं आजोबांनाच विचारायला लगेच जाईल, किंवा चार दिवसांनी जाईल. तिच्या मराठीत इंग्रजी शब्द आले, वाक्य अर्ध्यात अडलं, तरी टोकू नका. आजोबांशी बोलताना तिची परीक्षा चालू आहे असं तिला वाटायला नको. मुलाला काम द्या. नऊ वर्षांच्या मुलाला कामात घेतलं की तो माणसात येतो. जुने फोटो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलवर काढायचे आणि आजोबांना विचारून प्रत्येकात कोण आहे ते बोलून ठेवायचं, हे त्याचं खातं. मूळ फोटोच्या मागे नाव लिहायचं ते मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनची शाई आणि दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो असतील तर त्यातून काढून घ्या, ती पानं फोटो खातात. निघत नसतील तर ओढू नका, तसेच मोबाइलवर काढून ठेवा.

आप्पांची कागदपत्रांची पिशवी असेलच. गिरणीचं तिकीट, म्हणजे कामगाराचं नंबर असलेलं ओळखपत्र, राज्य कामगार विम्याचं कार्ड, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या. गिरणी कामगारांच्या घरांसाठी हेच पुरावे लागतात, म्हणून बहुतेकांनी ती जिवापाड जपलेली असतात. ती नीट लावायला त्यांची मदत मागा. "आप्पा, यात कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं?" हे खरंखुरं काम आहे, आणि त्यात ते तुमचे शिक्षक आहेत. तिकिटावरचा नंबर बघून त्यांना त्यांच्या खात्यातली माणसं आठवतील.

पाय धड असतील तर थंडीत एखाद्या सकाळी त्यांना करी रोडला न्या. गर्दीच्या वेळा टाळा. भारतमाता सिनेमापाशी उभं राहून त्यांना नुसतं विचारा, "इथून गिरणीत कसे जायचात?" आणि त्यांच्या मागे चाला. टॉवर उभे राहिलेत, पूल आलाय, पण पायांना रस्ता माहीत असतो. घरात बसून न आठवलेली गोष्ट एखाद्या वळणावर येते. गिरणीच्या जागेवर आता जे काही आहे ते बघायला त्यांना नको वाटलं, तर आग्रह करू नका. लालबागच्या मसाला गल्लीत जा, आई तिखट कुठून कुटून आणायची ते विचारा, अर्धा किलो मसाला घ्या आणि परत या.

रेकॉर्डिंगला माझा विरोध नाही. फक्त ते लपून करू नका. गप्पा जमायला लागल्या की एकदा सांगा, "आप्पा, हे पोरांसाठी ठेवते, चालेल ना?" हो म्हणाले तर फोन पालथा ठेवा, म्हणजे पडदा चमकत नाही. लांबलचक काही नको. पाच-सात मिनिटांचे तुकडे, प्रत्येकाला तारीख आणि विषय घालून. "मिलोची भाकरी", "भाऊचा धक्का" अशी नावं दिलीत तर पुढे सापडतील. फोनशिवाय आणखी दोन ठिकाणी ठेवा. ज्यात कुणाचं कर्ज, कुणाचं दारूचं, कुणाचं मोडलेलं लग्न आलं असेल, ते घरच्या ग्रुपवर टाकू नका, कितीही रंगलेलं असलं तरी. सांगणाऱ्याने ते तुम्हाला सांगितलंय, ग्रुपला नाही.

नवऱ्यांच्या पुस्तकाबद्दल माझं स्पष्ट मत आहे, आत्ता नको. पुस्तकाची तारीख ठरली की तुम्ही पुन्हा घाईने प्रश्न विचारायला लागाल आणि आप्पा पुन्हा चार मिनिटांत उठतील. ऐंशीव्या वाढदिवसाला घरी जेवण करा. आत्या, गावाच्या खोलीतले दोघं-चौघं उरले असतील ते, आईंच्या चाळीतल्या मैत्रिणी, एवढीच माणसं. भाषणं नकोत, पडद्यावर फोटो नकोत. फोटो छापून टेबलावर पसरून ठेवा, लोक हातात घेतील आणि बोलतील. मुलाला वही देऊन बसवा, कोण कुणाला काय नावाने हाक मारतं तेवढं त्याने लिहायचं. दिवस ठरवण्याआधी दादाला फोन करा, त्याच्या सोयीचा धरा. आणि आत्याला आणायला चुनाभट्टीला कुणीतरी गाडी घेऊन जा. जेवायच्या दोन तास आधी आणा, म्हणजे भाऊ-बहिणीला गर्दी व्हायच्या आत भांडायला वेळ मिळेल.